एकटीने दोन दिवस जुन्या ऐतिहासिक गावात जायचंय, कुठे जाऊ? – वाईला जा, आणि मुक्काम करा

तुम्ही विचारलंय की पुण्यात राहता, गाडी नाही, दोन दिवस सुट्टी आहे, इतिहासाची आवड आहे पण गड चढायचा नाही, तर एकटीने कुठे जावं, सेफ आहे का आणि कंटाळा येईल का. मी स्वतः अशी एकटी फिरते म्हणून लिहितेय. माझं उत्तर सरळ आहे, वाईला जा, आणि एका रात्रीचा तरी मुक्काम कराच.

मुक्कामाचं मुद्दाम सांगतेय कारण बहुतेक लोक वाई बघतात ती महाबळेश्वरला जाता जाता. गाडी लावायची, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, कृष्णेच्या घाटावर दोन फोटो, की चालले पसरणीच्या घाटाने वर. त्यांना वाई दिसतच नाही हो. वाई दिसते ती सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीला, आणि त्या दोन्ही वेळा गावातच राहिलेल्या माणसाला मिळतात.

स्वारगेटवरून वाईची किंवा महाबळेश्वरची एसटी पकडा. नव्वद किमीच्या आसपास अंतर आहे, खंबाटकी उतरलं की सुरूर फाट्यावरून आत वळते. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, त्यामुळे प्रवासखर्च किरकोळ. खोली स्टँडजवळ किंवा गणपती आळीच्या बाजूला बघा, म्हणजे सगळं पायी होतं. फोन करून आधीच सांगायचं की एकटी बाई येणार आहे, बाथरूम खोलीतच आहे का, रात्री दार किती वाजता बंद करता. समोरचा नीट उत्तर देतो की उडवाउडवी करतो यावरूनच जागा कळते, मी तर त्यावरच ठरवते.

आता बघायचं काय. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर, म्हणजे त्यांची मुलं विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव यांचं आजोळ. १७६१ च्या जानेवारीत विश्वासराव पानिपतावर पडले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या मामांचं हे देऊळ उभं राहिलं. हे माहीत असलं की त्या एवढ्या मोठ्या मूर्तीसमोर उभं राहताना मनात वेगळंच काहीतरी येतं, मला तरी येतं. दर्शन झालं की लगेच निघू नका, देवळाच्या मागे जा. मागची भिंत सरळ नाहीये, माशासारखी निमुळती केलीय, कारण पावसाळ्यात कृष्णा चढते तेव्हा पाण्याचा लोंढा त्या टोकावर फाटून दोन्ही बाजूंनी निघून जावा. अडीचशे वर्षांपेक्षा जास्त पूर अंगावर घेऊन देऊळ उभं आहे ते असं. भिंतीवर हात ठेवून बघा, दगडाचे सांधे कसे बसवलेत ते. पुढे जाणाऱ्या गर्दीतलं कोणीही मागे जात नाही.

शेजारीच काशीविश्वेश्वर, तोही रास्त्यांचाच. तिथला काळ्या दगडाचा नंदी निवांत बघा, गळ्यातल्या घंटा-माळांचं कोरीवकाम जवळून बघण्यासारखं आहे. मग संध्याकाळी नदीकाठाने एक एक घाट करत चाला. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी अशी आळीवार नावं आहेत आणि प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव वेगळा, थंडी सरतासरता हे उत्सव ओळीने चालू असतात. अफझलखान चालून आला तेव्हा शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असं वाईकर सांगतात. जमलं तर त्याच दिवसांत जा, घाटावर मांडव असतो, कीर्तन असतं, आणि एकट्या बाईला कोणीही परकं वाटू देत नाही. पायरीवर बसलात की शेजारच्या आजी पहिल्या पाच मिनिटांत कुठल्या, कोणाच्या, एकट्याच का असं सगळं विचारून घेतात. राग मानू नका, तीच तुमची सिक्युरिटी आहे, कारण मग अर्ध्या आळीला तुम्ही माहीत असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मेणवली. तीन किमी आहे, रिक्षाने जा नाहीतर मस्त चालत जा, उसाच्या आणि हळदीच्या शेतांमधून रस्ता जातो. नाना फडणवीसांचा वाडा, चौकामागून चौक, आणि मागच्या बाजूने थेट नदीवर उतरणारा घाट. पेशवाई अभ्यासणाऱ्यांच्या तोंडी जे मेणवली दफ्तर असतं ते नानांचे कागद इथलेच. घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी छोट्या दगडी घुमटीत एक भलीमोठी घंटा टांगलीय, ती अगदी जवळ जाऊन बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या विजयाची ही खूण, वसईकडच्या अशा घंटा भीमाशंकरला आणि नाशिकला नारोशंकराच्या देवळातही आहेत. मला ही घंटा वाईतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आवडते, वसईची अख्खी मोहीम इथे हाताला लागते.

वेळ उरला तर पुढे धोमला जा, वडाप म्हणजे शेअर जीप मिळते. कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसवलाय, कुंडात पाणी असेल तर तो तरंगल्यासारखा वाटतो. पण वेळ नसेल तर धोम सोडा, मेणवलीत घाई करू नका.

कंटाळ्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी दुपारी एक ते चार जड जातात, हे खरंच आहे. ऊन असतं, गाव झोपलेलं असतं, बोलायला कोणी नसतं. त्या वेळेत खोलीवर पडा, पुस्तक न्या. आणि प्लीज तेवढ्यात पाचगणी करून येऊ म्हणून वर जाऊ नका, शनिवार-रविवारी त्या ट्रॅफिकमध्ये अख्खी संध्याकाळ जाते आणि घाटावरची वेळ हुकते. ग्रुपमध्ये कोणालातरी वर जायचंच असतं, एकटं असण्याचा हा मोठा फायदा की तुम्हाला कोणी ओढत नाही.

सेफ्टीचं माझं साधं गणित: अंधार पडल्यावर गर्दी असलेल्याच घाटावर बसायचं, आठ-साडेआठला जेवून खोलीवर, मेणवली-धोम दिवसाउजेडीच. पावसाळ्यात पाणी पायऱ्यांवर असेल तर खाली उतरायचं नाही, शेवाळ असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. आणि परतीची एसटी संध्याकाळी उशिराची धरू नका, रविवारी वरूनच भरून येते आणि उभं राहून जावं लागतं, दोन-अडीचची गाडी बघा.