‘नाही’ वाक्याच्या शेवटी असतं

प्रश्न : काकू, मी वासुदेव नगरहून रोज मेट्रोने बर्डीला येतो. दिवसा औषधांच्या दुकानात काम, संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिकेत. राज्यसेवेची तयारी सुरू आहे. माझं वाचन फार हळू आहे. सीसॅटच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या उतारे-आकलनाच्या पेपरच्या, सरावात शेवटचे दोन उतारे दर वेळी राहून जातात. मित्राने साडेतीन हजार रुपये भरून शनिवार-रविवारचा वेगवाचनाचा वर्ग केला. आता मिनिटाला हजार शब्द वाचतो म्हणतो. मनातला आवाज बंद करायचा, मागे वळून बघायचं नाही, बोट झरझर ओळीखालून न्यायचं, असं त्याने मला शिकवलं. मी करून पाहिलं. पानं संपतात, पण डोक्यात काहीच राहत नाही. मीही तो वर्ग लावू का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नको लावूस. काकू म्हटलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करते. पानं संपतात आणि काही राहत नाही, हे तू खरं खरं लिहिलंस. आता पैसे भरायच्या आधी माझं ऐक.

मी एकतीस वर्षं नागपुरातल्या एका दैनिकात मुद्रितशोधक होते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका जाहीर नोटिशीचं प्रूफ माझ्या हातून गेलं. मूळ कागदावर होतं, ‘सदर मिळकत गहाण नाही’. कंपोझिटरच्या हातून पडलं, ‘सदर मिळकत गहाण आहे’. रात्रीचा दीड वाजला होता, अजून चार प्रूफं समोर होती. दुसऱ्या दिवशी मिळकतीचे मालक अंक घेऊन दारात उभे. खुलासा छापावा लागला. मी ती ओळ वाचली नव्हती असं नाही. डोळ्याने सुरुवात पकडली होती आणि शेवट मनाने भरून घेतला होता. ती ओळ अजून माझ्या डोळ्यांसमोर येते, म्हणून वेगाबद्दल कुणी विचारलं की मी घाईने उत्तर देत नाही.

आधी डोळ्याचं काम समजून घे. डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, तो उड्या मारतो. एमिल जावाल नावाच्या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने 1870 च्या दशकातच हे लिहून ठेवलं आहे. प्रत्येक मुक्काम साधारण पाव सेकंदाचा, आणि उडीच्या वेळी नवीन काही वाचलं जात नाही. हात लांब करून अंगठा धर. अंगठ्याची रुंदी झाकते जेमतेम तेवढाच भाग डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. अख्खी ओळ किंवा अख्खं पान एका नजरेत वाचण्याची सोय डोळ्याच्या रचनेतच नाही, ती दोन दिवसांच्या वर्गाने कुठून यायची?

या वर्गांचं मूळ अमेरिकेत आहे. एव्हलिन वूड यांनी 1959 मध्ये तिथे वेगवाचनाचे वर्ग सुरू केले आणि त्यांचा मोठा गाजावाजा झाला. पुढे संशोधकांनी मोजमाप केलं. मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये 190 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मोठ्या माणसांचा इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला 238 शब्द निघाला. हजार म्हणजे त्याच्या चौपटीहून जास्त. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की वेग फार ताणला की समज घटते. तुझा मित्र खोटं बोलत नसेल. तो मजकूर चाळतो आहे, आणि चाळण्याला वाचन म्हणतो आहे. वर्तमानपत्रात आपल्या कामाची बातमी शोधायला चाळणं उत्तम. राज्यघटनेला ते चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. हे शब्दांचे आकडे इंग्रजीचे आहेत. आपण ‘मुलांनासुद्धा’ असा एक शब्द लिहितो, त्याला इंग्रजीत तीन-चार शब्द लागतात. विभक्ती, शब्दयोगी अव्यय, सगळं आपण शब्दालाच चिकटवतो. मिनिटाला दीडशे मराठी शब्द वाचणारा मुलगा स्वतःला मंद समजतो, तेव्हा मला वाईट वाटतं. तू इंग्रजीची पट्टी लावून स्वतःला मोजू नकोस.

शिवाय आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘धन विधेयक राज्यपालांना फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही.’ या वाक्यातले पहिले सात शब्द कितीही वेगाने वाच, निकाल शेवटच्या शब्दात लागतो. बोट झरझर नेणारा ‘परत पाठवता येत’पर्यंत पोचतो आणि पुढच्या ओळीवर उडी मारतो. लोकसेवा आयोगाचे प्रश्न नेमके तिथेच बेतलेले असतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगते, वाक्याच्या सुरुवातीला धाव, शेवटाला थांब. ‘राज्याने’, ‘राज्याला’, ‘राज्याचा’ यांतलं शेपूटही सोडू नकोस.

मनातल्या आवाजाचं म्हणशील तर ओठ हलत असतील, पुटपुटणं होत असेल, तर तेवढं सोड, कारण मग बोलण्याच्या वेगापुढे जाता येत नाही. पण मनातला आवाज राहू दे. चांगल्या वाचकांच्याही मनात तो असतो, आणि अवघड मजकूर तर त्याच्याच आधाराने कळतो. मागे वळून बघण्याचंही तसंच. अर्थ निसटला म्हणून मागे गेलास तर तो दोष नाही. नुसत्या सवयीने, अविश्वासाने मागे जात असशील तर परिच्छेद संपेपर्यंत थांबायची सवय लाव.

वेग वाढतो तो ओळखीने. फार्मसीचं बिल तू एका नजरेत वाचत असशील, कारण औषधांची नावं तुझ्या रोजच्या सवयीची आहेत. तसंच विषयाचं कर. एक आठवडा एकच विषय घे, समज राज्यपाल. पहिल्या दिवशी पुस्तकातलं प्रकरण अगदी सावकाश. मग त्यावरचे जुने प्रश्न, मग त्या आठवड्यात अग्रलेख आला असेल तर तो. चौथ्या दिवशी तेच प्रकरण पुन्हा वाचशील तेव्हा घड्याळ लाव. वेग आपोआप वाढलेला दिसेल.

आणि रोज एक मोजणी. अग्रलेख घे, शब्द अंदाजे मोज, वेळ लाव, वाच, कागद पालथा घाल आणि पाच ओळींत लिही की लेखकाचं म्हणणं काय होतं, कशाला विरोध होता. पाच ओळी जमल्या तरच त्या दिवसाचा आकडा वहीत लिहायचा. न जमल्यास आकडा लिहायचाच नाही. ही अट कडक आहे, पण तिच्यावाचून सगळी मोजणी पोकळ होते. लिहिण्याचा फायदाही मोठा आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होतं. मेट्रोतली वीस मिनिटं याच कामाला दे. तिथे नवीन वाचू नकोस. आदल्या रात्रीचं डोळे मिटून आठव, आणि बर्डीला उतरायच्या आत जे आठवलं नाही तेवढंच उघडून बघ.

आता तुझ्या राहून जाणाऱ्या उताऱ्यांबद्दल. पूर्वपरीक्षेचा तो पेपर 80 प्रश्नांचा, 200 गुणांचा, दोन तासांचा आणि फक्त पात्रतेचा आहे. 33 टक्के, म्हणजे 66 गुण लागतात. अडीच गुणांचा एक प्रश्न धरला तर 27 बरोबर उत्तरांचे 67.5 होतात. चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, म्हणून चाळीसेक बरोबर येतील असं लक्ष्य ठेव. दोन उतारे सुटले म्हणून तू बुडत नाहीस. घाईत पाच उतारे अर्धवट वाचलेस तर मात्र बुडशील. आधी प्रश्न वाच, मग उतारा. ‘अयोग्य’, ‘वगळता’, ‘केवळ’, ‘तरच’ या शब्दांखाली पेन्सिल ओढ. अवघड उतारा पहिल्या परिच्छेदातच ओळखून मागे ठेव, सोप्याने सुरुवात कर.

दोन महिने हे कर आणि वही घेऊन मला पत्र लिही. आकड्यांसोबत त्या पाच-पाच ओळीही पाठव. मला त्या वाचायच्या आहेत.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. वाचताना ओळीखाली बोट ठेवते. शाळेत बाई म्हणतात, याने वेग खुंटतो. सवय मोडू का? (एक आई, महाल)

उत्तर : मोडू नका. आपल्या लिपीत मात्रा वर, उकार खाली, मध्ये जोडाक्षरं. लहान मुलाची ओळ सहज सुटते, बोट ती धरून ठेवतं. वाचन सरावाचं झालं की बोट आपणच उचललं जातं. वर्गात अडचण होत असेल तर जुन्या लग्नपत्रिकेची एक पट्टी कापून द्या आणि ती ओळीखाली धरायला सांगा. आणि रोज रात्री तिला दहा मिनिटं तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा, पुस्तक दोघींच्या मध्ये ठेवून.