आधी अर्ज, मग व्हिडिओ: पेटंटविषयी वाचकांचे प्रश्न

(उत्तरं देणाऱ्या ताई यंत्र अभियंता असून कोल्हापुरात पेटंट एजंट म्हणून काम करतात.)

प्रश्न: माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. उसाचे डोळे (लागवडीसाठी कांडीवरचे कोंब) काढायचं, पायाने चालवायचं यंत्र मी बनवलं. कांडी जाड असो की बारीक, डोळा बरोबर मधोमध येतो आणि पातं तेवढंच खोल जातं. गेल्या हिवाळ्यात एका खासगी कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला, यूट्यूबवर व्हिडिओ टाकला, काही यंत्रं विकलीही. आता शेजारच्या गावातला एकजण हुबेहूब तसंच यंत्र स्वस्तात विकतोय. पेटंट काढून त्याला थांबवता येईल का? सध्या मी त्याच यंत्राला बेणेप्रक्रियेची, म्हणजे लागवडीआधी डोळ्यांवर औषध मारायची, फवारणी जोडतोय. (एक वाचक, शिरोळ तालुका)

उत्तर: दादा, वाईट बातमी आधी सांगते. जे यंत्र तुम्ही दाखवलंत आणि विकलंत, त्याचं पेटंट आता मिळणार नाही. अर्ज करायच्या दिवशी ती वस्तू जगात कुठेही उघड झालेली नसावी, हा पेटंटचा पहिला नियम. ती उघड दुसऱ्याने केली की तुम्ही स्वतः, याने फरक पडत नाही. यूट्यूबवरचा व्हिडिओ म्हणजे प्रसिद्धीच. विकलेलं यंत्र तर कुणीही खोलून बघू शकतो.

प्रदर्शनात मांडलं तर बारा महिन्यांची सवलत मिळते, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. पेटंट कायद्याच्या कलम 31 मध्ये ती आहे, हे खरं. पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरतीच आहे. तालुक्याच्या मैदानावर मंडप घालून भरवलेलं खासगी प्रदर्शन त्यात बसत नाही. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक कारागीर खुर्चीत टेकायच्या आत मोबाईल काढून व्हिडिओ दाखवतो, आणि मला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की हा आणखी कुणाकुणाकडे गेलाय. चांगल्या, कष्टाने उभ्या केलेल्या कामाचा हक्क असा हातातून गेला की मला फार वाईट वाटतं. चोरी होऊन जाणारे हक्क थोडे, कौतुकाने दाखवून जाणारे पुष्कळ.

आता जे हातात आहे त्याकडे बघू. फवारणीची जोड तुम्ही अजून कुणाला दाखवलेली नाही ना? मग आजपासून ती झाकून ठेवा. फोटो नको, गटावर संदेश नको. बाहेरून पंप किंवा सुटा भाग बनवून घ्यायचा असेल, तर त्या माणसाकडून गोपनीयतेचा करार आधी लिहून घ्या.

पण इथे एक अडचण आहे. कलम 3(f) म्हणतं की माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं काम सुटं सुटं करत राहिली, तर तो शोध नव्हे. म्हणजे तुमच्या यंत्राच्या अंगाला बाजारातला फवारणी पंप नटबोल्टने बांधलात, तर अर्ज फेटाळला जाईल. तुमच्या पत्रासोबतच्या कच्च्या चित्रात मात्र मला वेगळं दिसलं. पात्याचा दांडा खाली येतो तेव्हा त्याच हालचालीने छोटा सिलिंडर भरतो, आणि दांडा वर जाताना ताज्या कापलेल्या डोळ्यावर ठरावीक द्रावण पडतं. वेगळी मोटर नाही, वेगळा माणूस नाही, द्रावण वाया जात नाही. इथे कापणं आणि फवारणं एकमेकांवर अवलंबून आहे. यात दम आहे. अर्ज याचाच करायचा.

आता लिहायचं कसं? हक्क चित्रातून मिळत नाही, तो अर्जाच्या शेवटी लिहिलेल्या दाव्यांतून, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगता त्या वाक्यांतून, मिळतो. समजा तुम्ही लिहिलंत, ‘16 मिलिमीटर व्यासाची स्प्रिंग लावलेला पंप’. उद्या शेजारचा माणूस स्प्रिंगच्या जागी रबर लावेल आणि तुम्हाला त्याच्याशी भांडत बसावं लागेल. त्याऐवजी असं लिहा: ‘पात्याच्या दांड्याला जोडलेला पंप, जो पात्याच्या उतरत्या हालचालीने भरतो आणि परतीच्या हालचालीने कापलेल्या डोळ्यावर मोजकं द्रावण सोडतो.’ यात स्प्रिंगही आली, रबरही आलं. मापं आणि साहित्य खालच्या उपदाव्यांत घाला. मुख्य दावा उद्या कुणी पाडला, तरी ते उपयोगी पडतात.

अर्जाआधी शोधाशोध करा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर इनपास नावाची सोय आहे, फुकट आहे. गूगल पेटंट्सवरही बघा. उसाचे डोळे काढायच्या यंत्रांवर बऱ्याच जणांनी काम केलंय. मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूर जिल्ह्यातले शेतकरी रोशनलाल विश्वकर्मा त्यासाठीच नावाजले गेले. त्यांच्या आणि तुमच्या यंत्रात नेमका फरक काय, हे तुम्हालाच दोन ओळींत सांगता आलं पाहिजे.

हा फरक केवढा असावा, यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा एक निकाल आहे, वर्कशॉपवाल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा. मिर्झापूरच्या एका भांडी कारखान्याकडे, भांडं लेथवर फिरवताना धरून ठेवायच्या साधनाचं 1951 मधलं पेटंट होतं. साधन उपयोगी असेलही. तरी पेटंट रद्द झालं, कारण त्या धंद्यातल्या कुशल माणसाला जे सहज सुचेल ती नुसती वर्कशॉपमधली सुधारणा ठरते. उपयोगी असणं वेगळं आणि नवा शोध असणं वेगळं. तुमच्या पंपाबद्दल पहिला आक्षेप हाच येणार, त्याचं उत्तर आत्तापासून तयार ठेवा: कापलेला डोळा किती वेळ उघडा राहतो, द्रावण किती वाचतं, याची रोजची नोंद वहीत करा.

शेतावर चाचणी घ्यायची तर? चाचणी चार लोकांसमोर घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर अर्जाच्या आधीच्या एका वर्षातली वाजवी चाचणी कलम 32 खाली माफ आहे. पण दादा, या सवलतीवर विसंबू नका. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. सविस्तर अर्जाला त्यानंतर बारा महिने मिळतात, चाचणी तेवढ्यात करा.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे एक सर म्हणतात, पेटंट मोठ्या कंपन्यांनी घ्यावीत, एकट्या माणसाने त्या भानगडीत पडू नये. खरं आहे का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: नाही. पण तुझ्या सरांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती शेवटी सांगते. आधी झेरॉक्सचं तंत्र शोधणाऱ्या चेस्टर कार्लसन या माणसाबद्दल वाच.

न्यूयॉर्कमधल्या एका विद्युत उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या पेटंट विभागात तो नोकरीला होता. पेटंटच्या प्रती कायम हव्या असायच्या आणि त्या मिळवायच्या म्हणजे टाइप करा नाहीतर फोटो काढून घ्या. त्यात त्याला संधिवात. संध्याकाळी ग्रंथालयात बसून तो प्रकाशाने विजेचं वहन बदलणाऱ्या पदार्थांवर वाचत राहिला. कल्पना कागदावर पक्की झाली तसा ऑक्टोबर 1937 मध्ये त्याने पहिला अर्ज टाकला. हाताशी अजून एकही चित्र उमटलेलं नव्हतं! कंपनीच्या पेटंट विभागात काम केलेला माणूस तो, आधी काय करायचं हे त्याला माहीत होतं.

चित्र उमटलं 22 ऑक्टोबर 1938 ला, न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत. ऑटो कोर्नाय हा सहकारी सोबत होता. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर. तो कापडाने घासून त्यावर वीजभार चढवला. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि ‘अॅस्टोरिया’ हा शब्द लिहिलेला, ती पट्टी थरावर ठेवून वरून काही सेकंद दिव्याचा झोत. उजेड पडला तिथला भार उतरला, अक्षरांच्या सावलीत तो राहिला. वर लायकोपोडियम या वनस्पतीची बारीक भुकटी टाकून फुंकर मारली, तर भुकटी अक्षरांपुरती चिकटून राहिली. मेणकागद दाबून ती उचलली. आज कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात होतं ते मूळात हेच.

पेटंट 6 ऑक्टोबर 1942 ला मिळालं. वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला नकार दिला होता. 1944 मध्ये बॅटेल ही संशोधन संस्था पुढे आली, मग रॉचेस्टरची हॅलॉइड ही छोटी कंपनी, जी पुढे झेरॉक्स झाली. साध्या कागदावर प्रती काढणारं 914 हे यंत्र बाजारात आलं ते 1959 मध्ये. आता हिशोब कर. तेव्हा अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून सतरा वर्षं होती. म्हणजे यंत्र आलं त्याच वर्षी मूळ पेटंट संपलं. तरी कार्लसन श्रीमंत झाला, कंपनीही तगली, कारण मधल्या काळात प्रत्येक सुधारणेचं वेगळं पेटंट घेतलेलं होतं.

अमेरिकेतल्याच मेरी अँडरसनला हे जमलं नाही. मोटारीच्या काचेवरचं पाणी आतून दांडा फिरवून पुसायच्या साधनाचं पेटंट तिने 1903 मध्ये घेतलं. मोटारी घरोघरी यायच्या आत 1920 मध्ये ते संपलं आणि तिच्या हाती पैसा आला नाही.

आपल्याकडचे शंकर आबाजी भिसे घे. 1867 चा जन्म, मुंबईचे. छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, पाडणाऱ्या यंत्रावर लंडनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. दादाभाई नौरोजींनी मदत केली, पुढे सर रतन टाटांनी पैसा घातला. शेवटी ते न्यूयॉर्कला गेले आणि 1935 मध्ये तिथेच वारले. छपाईचं यंत्र, वजन करायचं यंत्र, आयोडिनचं औषध अशी निरनिराळ्या क्षेत्रांतली कामं. अशा बुद्धीच्या माणसाचं नाव आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांना ठाऊक नसतं, याचं मला मनापासून दुःख आहे. त्यांचं घोडं कल्पनेवर कधीच अडलं नाही, अडलं ते यंत्र कारखान्यातून बाहेर काढायला लागणाऱ्या भांडवलावर.

आता सरांचं खरं ते एवढंच: पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, आणि ती तुझ्यासाठी थांबत नाही. म्हणून अर्ज टाकल्या दिवसापासून कारखानदार शोधायला लाग, आणि पुढे काही सुधारलंस तर कलम 54 खाली मूळ पेटंटला पुरवणी पेटंट जोडता येतं. त्याची वेगळी वार्षिक फी नसते. ते मूळ पेटंटबरोबरच संपतं, एवढं ध्यानात ठेव.

तू न विचारलेली एक गोष्ट. प्रोजेक्टच्या अर्जात शोधकर्ता म्हणून ज्याने डोकं चालवलं त्याचंच नाव घालायचं असतं. पदाने मोठा आहे म्हणून कुणाचं नाव घालायचं नाही, आणि तुझं तर कुणी गाळायचं नाहीच. सही करण्याआधी फॉर्म 1, म्हणजे पेटंटच्या अर्जाचा नमुना, स्वतः वाच.

प्रश्न: एका एजन्सीने माझ्या भावाला ‘पेटंट’ म्हणून प्रमाणपत्र आणून दिलं. त्यावर डिझाईन असा शब्द आहे. हे पेटंटच ना? (एक शिक्षक, लातूर)

उत्तर: नाही. डिझाईन नोंदणी वस्तूच्या दिसण्यापुरती असते: आकार, नक्षी, बाह्यरूप. आतलं यंत्र कसं चालतं, याला तिचं संरक्षण नाही. ती नोंदणी खोटी नाही, पण तुमच्या भावाला जे हवं होतं ते हे नव्हे. तसंच अर्ज अठरा महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात छापून येतो, तो अंक फ्रेम करून ‘पेटंट मिळालं’ म्हणणारेही भेटतात. ती फक्त प्रसिद्धी. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते, 31 महिन्यांच्या आत. ती राहिली तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं.

प्रश्न: सासूबाईंकडून आलेल्या काढ्याचं पेटंट घ्यावं का? (एक गृहिणी, सातारा)

उत्तर: नाही मिळणार, ताई. परंपरेने चालत आलेलं ज्ञान कलम 3(p) खाली शोध मानलं जात नाही, आणि हे आपल्या भल्याचंच आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून 1997 मध्ये ते रद्द करायला लावलं. काढा विकायचा असेल तर चांगलं नाव ठरवून ट्रेडमार्क घ्या.

प्रश्न: वीज, इंधन काहीच न लागता कायम फिरणारं चाक मी बनवलंय. (एक वाचक, जळगाव)

उत्तर: निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारी गोष्ट कलम 3(a) खाली बाद होते. कृपा करून यावर घरातले पैसे घालू नका, कर्ज तर मुळीच काढू नका.

प्रश्न: खर्च किती येतो? (अनेक वाचक)

उत्तर: एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी 1,600 रुपये, तपासणीच्या विनंतीची 4,000. एजंटची फी वेगळी, ती आधी लेखी ठरवून घ्या. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलवरच्या कार्यालयाकडे जातात. मंजुरीनंतर तिसऱ्या वर्षापासूनचं (वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजायची) नूतनीकरण सुरू होतं: सहाव्या वर्षापर्यंत दरसाल 800 रुपये, मग दर वाढत जातात. हप्ता चुकला तर पेटंट संपतं. संपल्यापासून अठरा महिन्यांत कारण देऊन ते पुन्हा चालू करण्याचा अर्ज करता येतो, त्यानंतर नाही.