पहिल्या वारीचं सामान

माऊली, तुमची यादी वाचली. चार जीन्स, बुटांचे तीन जोड, दोन पॉवर बँक! आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं आहे, बिऱ्हाड हलवायचं नाही.

मोठी पिशवी दिंडीच्या ट्रकमधून जाते, हे खरं. पण मुक्कामी ढिगातून ती शोधायची, तंबूच्या दाटीत ठेवायची आणि पहाटे अंधारात पुन्हा बांधायची, हे रोजचं. पावसात भिजलेली जीन्स दोन दिवस वाळत नाही आणि मांड्या सोलून काढते. पटकन वाळणारे दोन जोड बास, एक अंगावर, एक पिशवीत. शिवाय पंचा, सतरंजी, ताट-तांब्या, नेहमीची औषधं. प्लास्टिकचा मोठा कागद घ्या. दिवसा पावसात डोक्यावर, रात्री सतरंजीखाली. चपला मात्र चांगल्या आणि पायात मुरलेल्या हव्यात, तिथे काटकसर नको. पहिल्या वर्षी नव्या बुटांनी दिवे घाट यायच्या आधीच माझे पाय फोडले होते, आणि पुणे-सासवड टप्पा आधीच लांबलचक.

खांद्यावर फक्त पाणी आणि गूळ-शेंगदाणे. हातात टाळ.

परतल्यावर एक गंमत होते. कपाट उघडलं की वीस शर्ट दिसतात आणि जवळजवळ तीन आठवडे दोनांवर भागल्याचं आठवतं. मी त्या वर्षी निम्मे कपडे बोहारणीला देऊन टाकले, बदल्यात भांडंही घेतलं नाही. त्यावरून बायको अजून बोलते.