टीव्हीवर सांगतात तो फ्लूच्या रुग्णांचा देशभरातला आकडा मोजतं कोण, आणि तो कितपत खरा धरायचा?

आकडा कुठून येतो ते आधी सांगते, आणि त्यावरूनच लस कधी घ्यावी तेही शेवटी. मी एका जिल्ह्याच्या रोग सर्वेक्षण कक्षात काही वर्षं डेटा एन्ट्री केलीय, म्हणून जे आतून बघितलंय ते सांगते.

आधी हे डोक्यातून काढा की तो आकडा आजारी माणसांचा असतो. तो टेस्ट होऊन पॉझिटिव्ह आलेल्यांचा असतो, आणि आपल्याकडे फ्लूची टेस्ट होते कुणाची? सरकारी गाईडलाईनमध्ये रुग्णांचे ए, बी, सी असे गट आहेत. साधा ताप-खोकला म्हणजे ए, ताप जास्त किंवा वय जास्त, गरोदर बाई, जुना दमा-डायबेटिस असं काही असेल तर बी, आणि या दोघांची टेस्ट करायची गरज नाही असं सरळ लिहिलंय. दम लागतोय, नखं निळी पडतायत असे सी गटातले लोक ॲडमिट करायचे आणि त्यांचा स्वॅब घ्यायचा. नियम म्हणून बरोबरच आहे, नाहीतर पावसाळ्यात लॅब बुडतील, पण मग फॅमिली डॉक्टरांकडे 'व्हायरल आहे, गोळ्या घ्या, आराम करा' ऐकून घरी येणारे तुम्ही-आम्ही त्या आकड्यात कुठेच नसतो.

आता गंमत बघा. 2014 मध्ये केंद्राच्या नोंदीत एच1एन1 च्या, म्हणजे स्वाइन फ्लूच्या, 937 केसेस आणि 218 मृत्यू. म्हणजे स्वाइन फ्लू झालेला जवळजवळ दर चौथा माणूस गेला? अजिबात नाही, मोजलेच फक्त गंभीर होते. पुढच्या वर्षी 2015 ला 42,592 केसेस आणि 2,990 मृत्यू, म्हणजे प्रमाण एकदम सात टक्क्यांवर. साथ खरंच मोठी होती यात वाद नाही, पण माझ्या मते लोक घाबरले आणि टेस्टही वाढल्या, त्यामुळे ही दोन वर्षं शेजारी ठेवून 'व्हायरस सौम्य झाला' म्हणणं चूक. त्यात टीव्हीवाले मृत्यूला केसेसनी भागून मृत्यूदर काढतात तेव्हा खरंच डोक्याला हात लावावासा वाटतो.

मोजायची यंत्रणा मात्र आहे आणि ती वाटते तेवढी वाईट नाहीये. 2004 ला आयडीएसपी, म्हणजे देशभरातल्या रोगांवर लक्ष ठेवायचा केंद्राचा कार्यक्रम, सुरू झाला, त्यात एस, पी, एल असे तीन फॉर्म, एस गावातल्या एएनएमताईंचा (आरोग्यसेविकांचा) लक्षणांवरून, पी डॉक्टरांचा, एल लॅबचा, आठवडा सोमवार ते रविवार. 2021 पासून हे सगळं आयएचआयपी नावाच्या ऑनलाइन पोर्टलवर गेलंय. खरं भगदाड खाजगी दवाखान्यांचं आहे, लोक जातात तिकडे आणि तिथून माहिती येते अगदी तुरळक, फोन करून करून थकायचो आम्ही.

म्हणून जाणकार माणूस एकूण केसेस बघतच नाही. काही ठरलेल्या हॉस्पिटलांमधून वर्षभर ताप-खोकल्याच्या रुग्णांचे थोडे थोडे स्वॅब घेतात, ते आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) लॅबमध्ये तपासतात, आपल्या पुण्याची एनआयव्ही, म्हणजे विषाणू संस्था, त्यातली मुख्य. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. शंभरातले किती पॉझिटिव्ह आले आणि ते प्रमाण गेल्या काही आठवड्यांत चढतंय का उतरतंय एवढंच बघायचं. कोणता प्रकार फिरतोय तेही यातूनच कळतं, मार्च 2023 ला सगळीकडे खोकला होता तेव्हा तो एच3एन2 आहे हे असंच कळलं. हा डेटा पुढे डब्ल्यूएचओच्या फ्लूनेट या वेबसाइटवर जातो, तिथे भारत निवडून कुणालाही बघता येतो. (यावर शॉर्टकट काढायला गूगलने 2008 ला लोकांच्या सर्चवरून फ्लू ओळखायचं सुरू केलं होतं, अमेरिकेत 2012-13 च्या सीझनला अंदाज पार फुगला आणि 2015 ला गुंडाळलं. बातमी बघून धडधाकट माणूसही फ्लूची लक्षणं सर्च करतो हो.)

आता लस. सगळ्या देशाचा एक सीझन नसतो हे या स्वॅबमुळेच पक्कं झालं. श्रीनगरला फ्लू युरोपसारखा ऐन थंडीत, जानेवारी ते मार्च. पुणे, दिल्ली, लखनौला मुख्य जोर जुलै ते सप्टेंबर, आणि चेन्नईकडे पाऊसच उशिरा म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर. आपल्याकडे जानेवारी-मार्चमध्येही एक फेरी येते. लस दर वर्षी बदलते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लसीतले स्ट्रेन (व्हायरसचे प्रकार) ठरवतात, आणि अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे तुम्ही महाराष्ट्रात असाल तर एप्रिल-मे मध्ये, पाऊस पडायच्या आत, त्या वेळी मिळणारी सगळ्यात नवीन लस घ्या. घरात साठीच्या पुढचे कुणी, गरोदर बाई किंवा लहान बाळ असेल तर आधी त्यांचं डॉक्टरांना विचारा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला ही लस देत नाहीत, तिथे घरातल्या बाकीच्यांनी घ्यायची.