कवटी शिकायला सुरुवात करताना

कळव्याला एमबीबीएसला प्रवेश मिळाला, मनापासून अभिनंदन! कवटीची धास्ती पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच वाटते. घाबरू नकोस, सुरुवातीला थोडंच कर.

कवटी दोन्ही हातांनी धर. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलू नकोस, तिथलं हाड कागदासारखं पातळ असतं. ती माणसाची आहे, हेही मनात असू दे. मग ती नीट धरायला शीक: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत हवी. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा हाच येतो, आणि मुलं इथेच अडखळतात.

पहिले काही दिवस एवढंच:

- २२ हाडं: मेंदूभोवतीची ८, चेहऱ्याची १४. प्रत्येकावर बोट ठेवून नाव मोठ्याने म्हण.
- हाडं जुळतात तिथले मोठे सांधे: कोरोनल, सॅजिटल, लॅम्डॉइड.
- टेरिऑन, म्हणजे कानशिलावरची एक जागा. इथे चार हाडं भेटतात, हाड पातळ असतं आणि आतून मिडल मेनिंजिअल धमनीची (मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणाऱ्या धमनीची) फांदी जाते. म्हणून कानशिलावरचा मार जिवावर बेतू शकतो. हे एकदा कळलं की विसरत नाही.

सर्वात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी छिद्रांची यादी पाठ करणं. आधी फोरामेन मॅग्नम, ओव्हेल आणि स्पायनोसम हाडावर शोध, मग त्यातून काय जातं ते वाच. ऐरोलीहून येता-जाता फोनवर चित्रं बघ, उजळणीला ती चालतील. पण शिकायचं हाडावरूनच.

टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या हाडाच्या आतली गुंतागुंत सध्या राहू दे. अडलीस तर विभागात ये, कवटी घेऊन बसू.