रखवालदाराची सही आणि ९ मार्च

काणकोणच्या एका वाचकाचं पत्र आहे. गालजीबागजवळ समुद्रालगतच्या वडिलोपार्जित भाटात (माडांच्या बागेत) जुनं घर आणि त्याभोवती पर्यटकांसाठी सहा लाकडी खोल्या. गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाने सगळंच पाडायचा आदेश काढला. तो ९ डिसेंबरला रखवालदाराने सही करून घेतला, मालकांनी मुंबईहून परतल्यावर २ जानेवारीला वाचला. १८ फेब्रुवारीला ते विचारतात: खोतीगाव अभयारण्य जवळ आहे, त्याचा काही परिणाम होईल का? आणि अपिलाला एप्रिलपर्यंत वेळ आहे ना?

पत्राची दोन पानं अभयारण्यावर आहेत. तो मुद्दा बाजूला ठेवा, कारण आदेश किनारी नियमांखालचा आहे. अशी पत्रं दर हंगामात येतात आणि बहुतेकांत खरं दुखणं शेवटच्या ओळीत असतं. तुमचंही तसंच आहे. एप्रिलपर्यंत वेळ नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१०, कलम १६: आदेश कळवल्यापासून ३० दिवसांत अपील. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत न्यायाधिकरण अपील दाखल करून घेऊ शकतं, त्यापुढे नाही. नव्वदाव्या दिवसानंतर कारण कितीही खरं असलं तरी विलंब माफ करण्याचा अधिकारच उरत नाही.

तुम्ही २ जानेवारीपासून मोजून २ एप्रिल काढलीत. पण टपालाच्या पोचपावतीवर ९ डिसेंबर आहे, आणि समोरचा वकील तीच पावती पुढे करणार. त्या हिशेबाने तिसावा दिवस ८ जानेवारीला गेला आणि नव्वदावा ९ मार्चला येतो. ‘रखवालदाराला आदेश घेण्याचा अधिकार नव्हता’ हे अपिलात जरूर लिहा, पण त्याच्या भरवशावर ९ मार्च ओलांडू नका. हा मुद्दा हरलात तर बाकी सगळं न तपासताच प्रकरण संपेल.

म्हणून या आठवड्यात न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठासाठी कागद तयार करा: आदेशाची प्रमाणित प्रत, अपील, विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र, स्थगितीचा अर्ज. नुकसानभरपाई मागत नसाल तर शुल्क १,००० रुपये. कागदात त्रुटी राहिल्या तर नंतर दुरुस्त करता येतात, गेलेली तारीख येत नाही. विलंबाचं कारण तारीखवार द्या: मुंबईचं तिकीट, रुग्णालयाचे कागद, जे खरं असेल ते. ‘पंचायतीशी बोलणं चालू होतं’ हे कारण सहसा टिकत नाही. आणि नुसतं अपील दाखल केल्याने पाडकाम थांबत नाही, स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते.

पर्वरीला उच्च न्यायालयात रिट करावी असं तुम्हाला कुणी सुचवलं आहे. सुनावणीच दिली नसती तर कदाचित विचार झाला असता. तुम्हाला दोनदा तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा तुम्ही गेला नाहीत. ‘अपिलाचा मार्ग आहे, तिकडे जा’ असं ऐकून परतायला लागलं तर ९ मार्च त्यातच निघून जाईल. कारणे दाखवा नोटिशीला ‘कागद नंतर सादर करू’ असं एका ओळीचं उत्तर देऊन गप्प बसणं ही या प्रकरणातली सर्वांत महाग चूक आहे. ते कागद तुमच्या कपाटातच होते.

तेच आता कामाला येतील. घर आणि खोल्या यांचा बचाव वेगवेगळा लिहा. घरासाठी १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा, म्हणजे पहिल्या किनारी अधिसूचनेआधीचा पुरावा हवा: घर दाखवणारा सर्व्हे आराखडा, एक-चौदाचा (गोव्यातला जमिनीचा) उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजजोडणीचं पहिलं बिल. यातला आराखडा सर्वांत भक्कम, कारण उताऱ्यावरून जमीन कळते, घर उभं होतं हे बहुधा कळत नाही. खोल्यांचं मला कठीण दिसतं. हंगामी बांधकाम पावसाळ्यापूर्वी उतरवायचं असतं. तुमच्या खोल्यांखाली सिमेंटचं जोतं आहे, न्हाणीघराला फरशी आणि सेप्टिक टँक आहे, त्यामुळे त्यांना तात्पुरतं म्हणणं अवघड. शिवाय २०११ च्या किनारी अधिसूचनेत गालजीबागचं नाव कासवांच्या विणीचा किनारा म्हणून आलेलं आहे. २०१९ च्या अधिसूचनेतल्या, बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटरवर आणणाऱ्या सवलतीवर अपील उभं करू नका.

पाहणी अहवाल आणि भरतीरेषेपासूनच्या मोजणीचा नकाशा प्राधिकरणाच्या फाइलमधून पक्षकार म्हणून मागा. माहिती अधिकारात अर्ज केलात तर उत्तराला ३० दिवस लागू शकतात, आणि तुमच्याकडे १९ आहेत.

तोवर जागेवर एक वीटही हलवू नका, डागडुजीसुद्धा नको. आजच्या तारखेचे फोटो काढून ठेवा. समुद्राकडे तोंड असलेले दिवे मात्र आजच बंद करा. फेब्रुवारीत विणीचा हंगाम चालू असतो, वाळूतून निघालेली पिल्लं उजेडाकडे वळतात आणि पाण्यापर्यंत पोचत नाहीत. वनखात्याच्या पंचनाम्यात तुमचे दिवे नोंदले गेले, तर स्थगिती मागताना तुमच्या वकिलाला बोलायला जागा उरणार नाही.