इतिहासात बी.ए. झालंय; स्त्री-अभ्यासाचं एम.ए. झेपेल का? आंतरविद्याशाखीय म्हणजे नक्की काय?

झेपेल. गोवा विद्यापीठात हा विषय एम.ए.ला आहे आणि इतिहासाची सवय तिथे कामी येते. आंतरविद्याशाखीय म्हणजे चार विषयांची थोडी थोडी ओळख नव्हे. प्रश्न एकच ठेवायचा आणि त्यासाठी लागतील ती साधनं वेगवेगळ्या शास्त्रांतून घ्यायची.

गोव्यातलंच उदाहरण घ्या. इथल्या नागरी कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक होते, आणि जमीन विकायला बायकोचीही सही लागते. कायद्याचा अभ्यास इथवर आणतो. पण तिने दस्त वाचला होता का? पैसे कोणाच्या खात्यात गेले? भावांसाठी माहेरचा हिस्सा सोडताना तिला काय सांगितलं गेलं? त्यासाठी मुलाखती लागतात, हिशेब लागतो आणि हा कायदा जिच्यातून आला त्या १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपर्यंत मागे जावं लागतं. इथे तुमचा इतिहास!

मुलं अडकतात ती क्षेत्रकार्यात, म्हणजे लोकांत जाऊन माहिती गोळा करताना. ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘ना, घरांतच आसतां.’ झालं, तिचं सगळं काम नोंदीतून गळलं. त्याऐवजी पहाटे उठल्यापासून तासातासाने विचारा: पाणी, स्वयंपाक, सासऱ्यांची औषधं, बाजार. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, तसं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. नवरा शेजारी बसला असेल तर मुलाखत पुढे ढकला. संमती आधी घ्या. आणि एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला पाचेक तास सहज लागतात, तेव्हा प्रबंधासाठी आठ-दहा मुलाखती पुरे.